रोटरी गाडीला करंट येत नाही, तेव्हा कॉइल बदलण्याआधी

सेल्फ मारला की इंजिन झकास फिरतंय. पेट्रोलचा वास नाकात बसतोय. बॅटरी नवी, फ्यूज वरवर बघता शाबूत. आणि गाडी मात्र एकदाही पेट घेत नाही. प्लग काढून टेस्टर लावला, पुन्हा सेल्फ मारला, ठिणगीचा पत्ता नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी पाकिटाकडे जातो. नवे प्लग, मग नव्या केबल, मग नवी कॉइल (बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीसाठी वाढवणारी), आणि शेवटी चिडून नवा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्यूटर. एवढं सगळं बदलूनही करंट येत नाही, कारण बिघाड असतो कुठल्या तरी चिल्लर किमतीच्या टर्मिनलमध्ये.

हा लेख माझदाच्या आरएक्स-७ गाडीबद्दल आहे, त्यातही दुसऱ्या पिढीबद्दल, जिला शौकीन मंडळी नुसतं ‘एफसी’ म्हणतात. ती १९८५ साली जपानमध्ये आली. भारतात माझदा हे नाव आपण पाहिलं ते स्वराज माझदाच्या मिनीबसवर आणि छोट्या ट्रकवर. रोटरी इंजिनाची आरएक्स-७ इथे कधी शोरूममध्ये आली नाही. पण ऑकलंड, मेलबर्न, कॅलिफोर्निया किंवा दुबईत राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाच्या गॅरेजमध्ये ती असू शकते, आणि बहुधा ती तिसऱ्या-चौथ्या मालकाची असते. आधीच्या मालकांपैकी कुणीतरी टर्बो मोठा केलेला असतो, कुणीतरी ईसीयू बदललेला असतो, आणि कुणीतरी वायरिंगवर इन्सुलेशन टेपचे थरावर थर चढवून ठेवलेले असतात. माझं मत विचाराल तर अशा गाडीत ठिणगी गेली की पहिला संशय कंपनीच्या भागांवर घेऊ नये. कंपनीचं वायरिंग जिथे संपतं आणि कुणाच्या तरी हातचं जोडकाम जिथे सुरू होतं, त्या सांध्यावर घ्यावा.

पण संशय घ्यायलाही आधी माहीत हवं की ठिणगी तिथपर्यंत येते कशी.

दोन रोटर, चार प्लग

रोटरी इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही. मध्ये किंचित कंबर असलेल्या लंबगोल हाउसिंगमध्ये तीन फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर फिरतो. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाची ही कल्पना. माझदाने १९६७ साली कॉस्मो स्पोर्टमध्ये दोन रोटरचं इंजिन बाजारात आणलं आणि पुढे अनेक वर्षं एकहाती रेटलं. रोटर स्वतःभोवती एक फेरी मारतो, तेवढ्यात मधला एक्सेंट्रिक शाफ्ट तीन फेऱ्या मारतो. रोटरला बाजू तीन, आणि रोटरच्या एका फेरीत प्रत्येक बाजू एकदा पेटते. हिशेब केला तर शाफ्टच्या दर फेरीला प्रत्येक रोटरमध्ये एकदा ठिणगी पडायला हवी. एफसीच्या १३बी इंजिनात प्रत्येकी ६५४ सीसीचे दोन रोटर आहेत आणि त्यांच्यात शाफ्टच्या अर्ध्या फेरीचं अंतर आहे.

जिथे मिश्रण पेटतं ती जागा लांबट आणि चपटी असते. एका प्लगने पेटवलेली ज्योत तिच्या टोकापर्यंत पोचेपर्यंत रोटर पुढे निघून जातो. म्हणून प्रत्येक हाउसिंगला दोन प्लग दिलेत. खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. लीडिंग आधी पेटतो, ट्रेलिंग थोडा मागाहून. १९९१ ची ल मॉं शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बीच्या इंजिनात तर प्रत्येक रोटरला तीन प्लग होते.

दोघांचं काम सारखं नाही. खरी मेहनत लीडिंगची. ट्रेलिंग पूर्ण बंद पडला तरी गाडी चालू होते. ओढत नाही, पेट्रोल जास्त पिते, सायलेन्सर तापतो, पण चालू होते. लीडिंग गेला तर सहसा चालूच होत नाही. ही एक गोष्ट पुढच्या तपासणीत फार उपयोगी पडते.

आता कॉइल. कंपनीच्या एफसीमध्ये दोन्ही लीडिंग प्लगना मिळून एकच कॉइल आहे आणि ती दोघांना एकाच वेळी ठिणगी देते. एका रोटरला गरज असते तेव्हा दुसऱ्याच्या लीडिंग प्लगसमोर जळून गेलेला वायू असतो, त्यामुळे तिथली ठिणगी वाया जाते आणि काही बिघडत नाही. ट्रेलिंगला ही चैन परवडत नाही. अर्ध्या फेरीनंतर त्याच्यासमोर पुढच्या खेपेचं ताजं मिश्रण आलेलं असतं. तिथे अवेळी ठिणगी पडली तर इंजिनाचं नुकसान. म्हणून ट्रेलिंगला दोन रोटरसाठी दोन वेगळ्या कॉइल.

आणि इथे माझदाने एक गंमत करून ठेवली आहे. या दोन ट्रेलिंग कॉइलना ईसीयूकडून दोन वेगवेगळे हुकूम जात नाहीत. एका वायरीवरून ‘पेटव’ असा सिग्नल जातो, आणि दुसऱ्या वायरीवरून ‘पुढच्या रोटरची की मागच्या रोटरची’ हे कळतं. कॉइलसोबत बसवलेला इग्नायटर, म्हणजे कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, त्या दोन्ही वायरी वाचून निवड करतो. शिवाय डॅशबोर्डवरच्या टॅकोमीटरला सिग्नल याच ट्रेलिंग इग्नायटरकडून मिळतो. त्यामुळे कंपनीच्या स्थितीतल्या एफसीचा आरपीएमचा काटा अचानक मेला आणि गाडी मंदावली, तर आधी ट्रेलिंगकडे बघायचं.

मॉडिफाय करताना नेमकं काय बदलतं

टर्बोचा दाब वाढवला की प्लगच्या फटीत हवा अधिक दाटीने भरते आणि तिथून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. वेळही कमी पडतो. ९००० आरपीएमला शाफ्टची एक फेरी ६.७ मिलिसेकंदांत संपते. लीडिंगची एकटी कॉइल दर अर्ध्या फेरीला पेटते, म्हणजे तिला पुन्हा भरून तयार व्हायला साधारण ३.३ मिलिसेकंद मिळतात, त्यातही ठिणगी पडण्यात थोडा वेळ जातो. कॉइल पुरती भरत नाही आणि वरच्या आरपीएमला इंजिन अडखळतं. म्हणून लोक चार प्लगना चार वेगळ्या कॉइल लावतात. जनरल मोटर्सच्या ट्रकमधल्या एलएस कॉइल त्यासाठी फार लोकप्रिय आहेत. त्यांच्या सोबतीला हॉल्टेक, मायक्रोटेक, लिंक, मेगास्क्वर्ट असा कुठला तरी बाहेरचा ईसीयू येतो.

कंपनीची कॉइल मुकी असते. नुसत्या दोन गुंडाळ्या. तिचा प्रवाह चालू-बंद करणारा इग्नायटर वेगळा. एलएस कॉइलच्या पोटातच इग्नायटर असतो, म्हणून तिला चार वायरी: बारा व्होल्ट, अर्थ, सिग्नल आणि सिग्नलचा वेगळा अर्थ. हा फरक न कळल्यामुळे होणारे घोळ दोन्ही दिशांनी होतात. मुक्या कॉइलला ईसीयूचा पाच व्होल्टचा सिग्नल थेट जोडला तर काहीच होत नाही, फारतर ईसीयूचा तो आउटपुट जळतो. उलट, पोटात इग्नायटर असलेल्या हुशार कॉइलला नीट जोडूनही ईसीयूच्या सेटिंगमध्ये सिग्नलची दिशा उलटी ठेवली, तर इंजिन बंद असतानाही कॉइल भरलेलीच राहते. किल्ली ऑन करून दोन मिनिटं थांबा आणि कॉइलला हात लावून बघा. इंजिन फिरवलेलं नसताना ती गरम लागली, तर किल्ली लगेच बंद करा. सेटिंग उलटं आहे, आणि असंच राहिलं तर कॉइल जळेल.

तिसरा घोळ त्या ‘पुढचा की मागचा’ वायरीचा. ईसीयूमध्ये अजून कंपनीच्या एफसीचं ट्रेलिंग सेटिंग चालू आहे आणि बाहेर मात्र स्वतंत्र कॉइल लावल्यात, असं झालं की एका ट्रेलिंग कॉइलला दोन्ही रोटरचे सिग्नल जातात आणि दुसरीला ठिणगीच्या हुकुमाऐवजी ती निवडीची खूण मिळते. कॉइल दोन्ही चांगल्या, वायर चांगल्या, आणि तरी ट्रेलिंगचा पोरखेळ.

कुठली ठिणगी गेली आहे?

घरातला एकच दिवा लागत नसेल तर आपण बल्ब बघतो. अख्ख्या घराची वीज गेली असेल तर मेन स्विचकडे जातो. इथेही तेच. चारपैकी एकाच प्लगला ठिणगी नाही, तर बिघाड त्या प्लगच्या केबलमध्ये, कॉइलमध्ये किंवा तिच्या सिग्नलच्या वायरीत. कंपनीच्या कॉइलमध्ये दोन्ही लीडिंग एकदम गेले तर लीडिंगची कॉइल किंवा तिचा इग्नायटर. दोन्ही ट्रेलिंग एकदम गेले तर ट्रेलिंगचा संच. आणि चारही गेले, तर चार कॉइल एकाच रात्री मेल्या असं धरून चालण्यात काही अर्थ नाही. चारींना समाईक असं जे आहे तिथे जा. समाईक गोष्टी मोजक्याच आहेत. बारा व्होल्टचा पुरवठा, अर्थ, शाफ्टची जागा सांगणारा सेन्सर आणि ईसीयू. शिवाय आधीच्या कुण्या मालकाने डॅशबोर्डखाली दडवलेला चोरीचा अलार्म, जो इग्निशन मध्येच तोडतो. याची आठवण लोकांना सगळ्यात शेवटी होते.

तपासणीला लागण्याआधी पेट्रोल बंद करा. इंजेक्टरचा फ्यूज काढा किंवा त्यांचे कनेक्टर सोडा. रोटरी इंजिन मुळातच लवकर ओव्हरफ्लो होतं, आणि ठिणगी नसताना दहा वेळा सेल्फ मारला की हाउसिंग पेट्रोलने भिजतं, उरलेलं सायलेन्सरमध्ये जमतं. नंतर ठिणगी एकदम आली की तिथे होणारा धमाका गंमतीचा नसतो. ठिणगी बघायला अर्थ केलेला स्पार्क टेस्टर वापरा. प्लग हातात धरून बघणं किंवा केबल हवेत मोकळी सोडून सेल्फ मारणं, दोन्ही टाळा. पहिल्यात तुम्हाला झटका बसतो, दुसऱ्यात ठिणगीला जायला वाट न मिळाल्याने ती कॉइलचं इन्सुलेशन फोडते. गाडीत एमएसडीसारखा सीडीआय बॉक्स (कपॅसिटरमध्ये वीज साठवून कॉइलला देणारा) असेल तर आणखी जपून. तिथे कॉइलच्या प्राथमिक बाजूलाच काही शे व्होल्ट असतात, आणि साधा टेस्ट लॅम्प तिथे लावायचा नसतो.

सेल्फ मारताना बारा व्होल्ट आहेत का

ही माझी आवडती पायरी, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. किल्ली ऑन केली, कॉइलच्या कनेक्टरवर मीटर लावला, बारा व्होल्ट दिसले, समाधान झालं आणि पुढे गेले. पण किल्लीच्या स्विचवर काही वायरी अशा असतात की त्या ‘ऑन’ला जिवंत असतात आणि ‘स्टार्ट’ला मरतात. रेडिओ, पंखा, सिगारेट लायटर यांचा पुरवठा सेल्फ मारताना मुद्दाम तोडलेला असतो, म्हणजे सगळी ताकद स्टार्टरला मिळावी. आधीच्या मालकाने नव्या कॉइलसाठी करंट हाताशी सापडलेल्या अशा एखाद्या वायरीवरून ओढला असेल, तर कॉइलला फक्त सेल्फ मारतानाच करंट नसतो. म्हणजे नेमका हवा तेव्हा. अशा गाडीची एक खूण आहे. किल्ली सोडून स्टार्टवरून ऑनवर येताना एखादी ठिणगी उडते, इंजिन क्षणभर ‘फुट’ करतं आणि थांबतं.

म्हणून मीटर लावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. कॉइलच्या पिनवर बॅटरीइतकाच आकडा दिसायला हवा. बॅटरी स्वतः सेल्फ मारताना दहाच्या आसपास येते. साडेनऊच्याही खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि तिच्या जाड केबल बघा, कारण त्या व्होल्टेजला काही ईसीयू रीसेट होतात. कॉइलवर बॅटरीपेक्षा एक-दोन व्होल्ट कमी दिसले तर मधे कुठेतरी गळती आहे. रिलेचा काळा पडलेला पाय, आतून हिरवी झालेली तार किंवा चिमट्याने नुसतंच चेपलेलं टर्मिनल.

उपायही सरळ आहे. कॉइलना बॅटरीकडून स्वतंत्र फ्यूज आणि रिलेमार्फत करंट द्या, आणि तो रिले चालू करायला अशी वायर वापरा जी ऑन आणि स्टार्ट दोन्हीला जिवंत राहते.

अर्थिंग त्याच पद्धतीने तपासायचं. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी कॉइलच्या अर्थ पिनवर. सेल्फ मारताना आकडा पाव व्होल्टच्या आत हवा. इंजिन बाहेर काढून रंगवून परत बसवलेलं असेल तर अर्थची पट्टी ताज्या रंगावरच कसलेली सापडते; रंग खरवडायचा विसरतात. मीटरवर किल्ली बंद असताना कंटिन्युइटीचा ‘बीप’ येतो म्हणून लोक निर्धास्त होतात. तारेतला एकच धागा शिल्लक असला तरी बीप येतो. भार असताना मोजलेला व्होल्टेजचा फरकच खरं सांगतो.

ईसीयूला इंजिन फिरताना दिसतंय का

बाहेरच्या ईसीयूचा एक मोठा फायदा म्हणजे त्याला लॅपटॉप लावता येतो. लॅपटॉप लावा, आरपीएमचा आकडा उघडा आणि सेल्फ मारा. दोनशे-अडीचशेच्या आसपास स्थिर आकडा दिसला तर सेन्सर, त्याची वायर आणि ईसीयूचा कान, तिन्ही ठीक. शून्य दिसला तर ईसीयूच्या लेखी इंजिन उभंच आहे. मग तो ठिणगी का देईल? आकडा शून्य, आठशे, शंभर, तीन हजार असा नाचत असेल तर सिग्नल पोचतोय पण त्यात गोंगाट आहे, म्हणजे भलतेच विजेचे झटके मिसळताहेत. या एका आकड्याने सगळा शोध अर्धा होतो, म्हणून चारही ठिणग्या गेलेल्या असतील तर पुरवठा बघून झाल्यावर मी इथूनच सुरुवात करेन.

एफसीमध्ये हा सेन्सर इंजिनाच्या पुढच्या बाजूला उभा बसवलेला असतो आणि त्याला क्रँक अँगल सेन्सर म्हणतात. दिसायला जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या जातीचा, कारण त्याच जागी तो आला. आत एकाच दांड्यावर दोन चाकं आहेत, एक २४ दातांचं आणि एक २ दातांचं, आणि प्रत्येकासमोर एक चुंबकीय पिकअप. दांडी शाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरते. म्हणजे शाफ्टच्या दर फेरीला मोठ्या चाकाचे १२ दात मोजले जातात आणि छोट्या चाकाचा एक. पहिल्यावरून वेग कळतो, दुसऱ्यावरून फेरी कुठून मोजायची ते कळतं. दोन्हींपैकी एक जरी गप्प बसला तरी बहुतेक ईसीयू ठिणगी देत नाहीत.

अशा पिकअपला बाहेरून करंट लागत नाही. दात समोरून गेला की तो स्वतःच थोडी वीज तयार करतो. जेवढा वेग कमी, तेवढी वीज कमी. सेल्फच्या संथ गतीला ती अगदीच किरकोळ असते, आणि म्हणूनच मरायला टेकलेली बॅटरी, सेन्सर आणि दात यांच्यातलं वाढलेलं अंतर किंवा ईसीयूमध्ये जास्त ठेवलेली सिग्नलची मर्यादा, यांपैकी काहीही ठिणगी गायब करू शकतं. पिकअपच्या दोन पिनांमध्ये मीटरने ओहम मोजले तर शे-दोनशेच्या घरातला आकडा यायला हवा. अनंत आला तर आतली तार तुटली आहे.

दोन वायरींची अदलाबदल झाली असेल तर मीटर काहीच सांगत नाही, ओहम तेवढेच दिसतात. पण ईसीयू दाताची चुकीची कड वाचतो, आणि मग एकतर आरपीएम नाचतो किंवा गाडी चालू होऊन वेग वाढेल तसतसं टायमिंग सरकत जातं. या वायरींवर जाळीचं आवरण हवं आणि ती जाळी फक्त एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला, अर्थ केलेली हवी. दोन्ही टोकांना केली की तीच गोंगाट गोळा करते.

आता एक युक्ती, जी एफसीवाल्यांना ठाऊक असते आणि बाकीच्यांना बघून गंमत वाटते. सेन्सर जिथे बसलाय तिथे हाउसिंगवर आणि त्याच्या बुडाशी एका सरळ रेषेत खूण करून ठेवा. त्याला धरून ठेवणारा नट काढा आणि कनेक्टर न सोडता सेन्सर वर ओढून घ्या. खालच्या टोकाला ऑइलने माखलेला छोटा गिअर दिसेल. इंजेक्टरचा फ्यूज काढलेलाच आहे ना, खात्री करा. लीडिंगच्या केबलला स्पार्क टेस्टर लावा, किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका. आता तो गिअर बोटांच्या चिमटीत धरून झर्रकन फिरवा. सगळं नीट असेल तर टेस्टरमध्ये चट-चट-चट ठिणग्या उडतात. इंजिन जागच्या जागी उभं, आणि ईसीयूला मात्र ते फिरतंय असं वाटतं.

या एका चाचणीने बरंच काही उलगडतं. हाताने फिरवल्यावर ठिणगी येते आणि सेल्फ मारल्यावर येत नाही, तर सेन्सर, ईसीयू, कॉइल, केबल बहुतेक निर्दोष सुटले. दोषी सेल्फच्या वेळी पडणारं व्होल्टेज, तुटणारा पुरवठा, स्टार्टरचा गोंगाट किंवा संथ गतीला अपुरा पडणारा सेन्सरचा सिग्नल. हाताने फिरवूनही येत नसेल आणि लॅपटॉपवर आरपीएम उमटत असेल, तर बिघाड ईसीयूच्या पुढे. आरपीएमही उमटत नसेल, तर ईसीयूच्या मागे.

तिसऱ्या पिढीच्या एफडीमध्ये हा उभा सेन्सर गेला आणि पिकअप पुढच्या पुलीजवळ आले, तेव्हा तिथे ही युक्ती चालत नाही. आरएक्स-८ मध्ये तर कंपनीनेच चार स्वतंत्र कॉइल दिल्या आहेत. तर्क मात्र तिन्हींत एकच.

ईसीयूच्या पुढचं

आरपीएम दिसतोय, कॉइलला पुरवठा आहे, अर्थ आहे, तरी ठिणगी नाही. मग कॉइलच्या सिग्नलच्या पिनवर एलईडीचा टेस्टर लावून सेल्फ मारा. लुकलुकला तर हुकूम पोचतोय. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, पण नसला म्हणून अडत नाही. बहुतेक ईसीयूंमध्ये एकेक आउटपुट लॅपटॉपवरून चालवून बघायची सोय असते. ती वापरली तर कुठल्या पिनला कुठली कॉइल जोडली आहे तेही समजतं. अनेकदा दिसतं की आकृतीत एक आहे आणि गाडीत दुसरंच.

लुकलुक नाही, तर वायर ईसीयूच्या पिनपर्यंत मागे जात तपासा. वायर सलग असूनही सिग्नल नसेल तर आउटपुटचा प्रकार बघा. काही ईसीयू सिग्नल स्वतः वर ढकलत नाहीत, फक्त खाली खेचतात. त्यांना हुशार कॉइल जोडताना बाहेरून पाच व्होल्टला एक रेझिस्टर द्यावा लागतो. मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत लिहिलेलं असतं आणि ती ओळ कुणी वाचत नाही.

लुकलुक आहे आणि ठिणगी नाही, तर आता कुठे कॉइलवर संशय घ्यायला हरकत नाही. शेजारची चांगली कॉइल त्या जागी लावून बघा. मीटरने कॉइल तपासण्यावर माझा फारसा भरवसा नाही. मुक्या कॉइलची प्राथमिक गुंडाळी एका ओहमपेक्षाही कमी असते, आणि स्वस्त मीटरच्या तारांचाच रोध त्यात मिसळतो. हुशार कॉइलमध्ये तर मीटर गुंडाळीपर्यंत पोचतच नाही, मधे ट्रान्झिस्टर बसलेला असतो.

प्लगबद्दल एवढंच की रोटरीला रोटरीचेच प्लग लावा. प्लगच्या भोकावरून दर फेरीला अ‍ॅपेक्स सील (रोटरच्या कोपऱ्यावरची पट्टी) घासत जातं, त्यामुळे लांब नळीचा भलताच प्लग बसवला तर ते सील त्याच्यावर आपटेल. भिजलेला प्लग टेस्टरवर चांगली ठिणगी देईल आणि आत देणार नाही. पेट्रोलने नि काजळीने माखला असेल तर नवाच घाला.

ठिणगी आली, अजून पेट्रोल जोडू नका

ठिणगी असणं आणि वेळेवर असणं यात फरक आहे. इंजेक्टर अजून बंदच ठेवा. ईसीयूमध्ये टायमिंग शीर्षबिंदूनंतर (मिश्रण सर्वात जास्त दाबलं जातं त्या क्षणानंतर) ५ अंशांवर कुलूपबंद करा आणि टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, लीडिंगच्या पहिल्या केबलला लावा. एफसीच्या मूळ पुलीवर दोन खुणा असतात. पिवळी लीडिंगची, शीर्षबिंदूनंतर ५ अंशांवर. लाल ट्रेलिंगची, २० अंशांवर. सेल्फ मारताना पिवळी खूण पुलीजवळ इंजिनावर असलेल्या पिनसमोर स्थिर दिसायला हवी. नाचत असेल तर सेन्सरच्या वायरी पुन्हा बघा.

त्यानंतर लाइट पहिल्या ट्रेलिंग केबलला लावा, आणि ही पायरी गाळू नका. लीडिंगला दर अर्ध्या फेरीला ठिणगी मिळत असेल तर सेन्सर शाफ्टच्या अर्ध्या फेरीइतका चुकीचा बसला तरी पिवळी खूण बरोबरच दिसते. चूक पकडली जाते ती ट्रेलिंगवर. ईसीयूमध्ये लीडिंग-ट्रेलिंगचं अंतर १५ अंश ठेवलं असताना लाल खूण पिनसमोर न येता पुलीची कोरी बाजू समोर आली, तर दोन्ही ट्रेलिंग एकमेकांच्या रोटरला पेटवत आहेत. केबल उलट्या लागल्यात किंवा सेन्सर पुन्हा बसवावा लागेल.

दोन्ही खुणा जागेवर आल्या की प्लग काढलेल्या भोकांतून इंजिन थोडं फिरवून साचलेलं पेट्रोल उडवून द्या. त्या वेळी कॉइलचे कनेक्टर सोडलेले हवेत. पेट्रोलने आतलं ऑइल धुतलं गेलेलं असतं आणि सील नीट दाब धरत नाहीत, म्हणून प्रत्येक हाउसिंगमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, हाताने इंजिन दोन-चार फेऱ्या फिरवा, कोरडे प्लग बसवा आणि मगच इंजेक्टरचा फ्यूज परत लावा. गाडी चालू झाल्यावर पहिली काही मिनिटं भरपूर निळसर धूर निघेल. शटर उघडं ठेवा.